जुन्या ट्रॅक्टरचा स्टार्टर

मोटारीची किल्ली फिरविली कीं इंजिन घुरघुरूं लागतें. शहरांतील माणसाला ह्या गोष्टीची इतकी संवय झाली आहे कीं, इंजिन स्वतःच्या बळावर कधींच सुरू होत नाहीं, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. वाफेच्या यंत्राला वाफ मिळाली म्हणजे तें चालूं लागतें. परंतु पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाला आधीं हवा आंत ओढावी लागते, ती दाबावी लागते, आणि मगच पहिला स्फोट होतो. हीं पहिलीं कामें दुसऱ्या कोणीतरी करून द्यावीं लागतात. पूर्वीं तीं माणसाचा हात करी. आतां विजेचा स्टार्टर करतो.

अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला. शेतांतील ट्रॅक्टर मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षें हँडल मारूनच सुरू करावे लागत, आणि ठिणगी वेळेआधीं पडली तर हँडल उलटा झटका देऊन मनगट मोडी. म्हणून निरनिराळ्या वाटा निघाल्या. जर्मनींतील लांझ बुलडॉगच्या इंजिनाचें डोकें ब्लोलॅंपनें तापवीत. इंग्लंडमधील फील्ड मार्शल काडतूस उडवून सुरू करतां येई. आणि कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांवर मोठें इंजिन फिरविण्यासाठीं एक लहान पेट्रोल इंजिनच बसविलेलें असे.

आतां प्रश्न असा कीं, ट्रॅक्टर एका घराण्याचा आणि इंजिन दुसऱ्या घराण्याचें, असा संसार असेल तर स्टार्टर कोणाचा आणावा? असे संसार पुष्कळ झाले. इंग्लंडांत डॅगनहॅम येथें १९४५ पासून फोर्डसन मेजर ई-२७-एन हा ट्रॅक्टर तयार होऊं लागला. त्याचें मूळ इंजिन चार सिलिंडरांचें, रॉकेलसारख्या तेलावर चालणारें होतें. १९४८ पासून त्यांत पीटरबरोच्या पर्किन्स कारखान्याचें सहा सिलिंडरांचें पी-६ हें डिझेल इंजिनही मिळूं लागलें. हेंच इंजिन लॉरींत बसे, बोटींतही बसे. त्यामुळें आज एखाद्या हौशी गृहस्थाच्या जुन्या फोर्डसनमध्यें पर्किन्सचें इंजिन दिसलें, तरी तें मुळांत ट्रॅक्टरसाठींच तयार झालें होतें, कीं पुढें एखाद्या लॉरींतून काढून आणलें, हें बॉनेटवरील नांवावरून कळत नाहीं.

शिंप्याकडे अंगरखा शिवावयास दिला तर तो गिऱ्हाइकाचें नांव विचारून कापड कापीत नाहीं, माप घेतो. स्टार्टरच्या बाबतींतही तोच न्याय लागू आहे.

पहिलें माप दांत्यांचें. इंजिनाच्या मागें फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें व त्याच्या कडेवर दांत्यांचें कडें, म्हणजे रिंग गिअर, चढविलेलें असतें. स्टार्टरचें लहान दांतेरी चाक, पिनियन, त्यांत शिरून तें फिरवितें. कड्याचे दांते मोजावे, त्यांत दोन मिळवावे, आणि त्या संख्येस कड्याच्या बाहेरील व्यासाच्या इंचांनीं भागावें. समजा, दांते १२० आणि व्यास १२.२ इंच आहे. तर १२२ भागिले १२.२ म्हणजे १० हें उत्तर येतें. ह्यास दांत्यांची पिच म्हणतात. पिनियनची पिचही तीच पाहिजे. स्टार्टरचे दांते आंखूड असल्यामुळें उत्तर किंचित् इकडेतिकडे येतें. तेव्हां जवळचा पूर्णांक धरावा.

पिच जुळली तरी काम संपत नाहीं. दहा दांत्यांच्या पिनियनऐवजीं नऊ दांत्यांचें आलें, तर ह्याच उदाहरणांत दोन्ही चाकांच्या मध्यांतील अंतर इंचाच्या विसाव्या भागानें कमी व्हावें लागतें. स्टार्टरच्या बोल्टांचीं भोकें तर जागचीं हलत नाहींत! मग दांते केवळ टोकांशीं टेकतात व थोड्याच दिवसांत झिजून जातात.

दुसरी गोष्ट फिरण्याच्या दिशेची. स्टार्टर फ्लायव्हीलच्या इंजिनाकडील अंगास बसतो, कीं गिअरबॉक्सकडील अंगास, ह्यावर त्याची दिशा ठरते. तोच स्टार्टर एका अंगास सुलट, तर दुसऱ्या अंगास उलट ठरतो. बॅटरीच्या तारांची अदलाबदल केली कीं दिशा बदलेल, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु जुन्या स्टार्टरांत बाहेरचीं वेटोळीं व आंतील आर्मेचर ह्या दोहोंतून एकच प्रवाह जातो; दोहोंतील प्रवाह एकदम उलटल्यामुळें मोटार पूर्वींच्याच दिशेनें फिरत राहते.

तिसरी गोष्ट जोराची. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा सुमारें सोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेनें तेल पेटतें. इंजिन मंद फिरलें तर ती उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरते आणि नुसता पांढरा धूर निघतो. म्हणून पेट्रोल इंजिनाचा लहान स्टार्टर येथें टिकत नाहीं. सहा व्होल्टांच्या बॅटरीवर तेवढाच जोर काढावयाचा तर बारा व्होल्टांच्या दुप्पट प्रवाह लागतो, आणि त्याच तारेंत वायां जाणारी शक्ति चौपट होते. स्टार्टर दुबळा आहे असें म्हणण्यापूर्वीं तार पुरेशी जाड आहे कीं नाहीं, हें पाहणें म्हणूनच शहाणपणाचें.

एवढी दगदग कशासाठीं, असें कोणी विचारील. भंगारांतून स्वस्त स्टार्टर आणून तो कसाबसा बसविला, तर तो थोडे दिवस चालतोही. पण तेवढ्यांत कड्याचे दांते खातो. आणि फोर्डसनला वेगळी चौकट नसते. इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांस जोडूनच त्याचें अंग बनलेलें असतें. कडें बदलावयाचें म्हणजे ट्रॅक्टर मधोमध उकलून दोन भागांत वेगळा करणें आलें. थोडक्या पैशांची बचत अशी महागांत पडते.

शेवटची गोष्ट पैशापेक्षां मोलाची आहे. स्टार्टर जुळविण्याच्या खटपटींत कांहीं जण जमिनीवर, चाकाजवळ उभे राहून, स्टार्टरच्या दोन टोकांवर पाना टेकवितात आणि इंजिन फिरवून पाहतात. त्या वेळीं ट्रॅक्टर गिअरमध्यें असेल तर तो तसाच पुढें निघतो, आणि मागचें प्रचंड चाक उभ्या माणसावरून जातें. ह्या रीतीनें माणसें प्राणांस मुकलीं आहेत. म्हणून गिअर न्यूट्रलमध्यें आणावा, ब्रेक लावावा, आणि स्टार्टरचें बटन चालकाच्या बैठकीजवळ बसवून तेथूनच तें दाबावें. स्टार्टर निवडतांना दांते मोजण्याचा कंटाळा करूं नये, तसाच ह्या खबरदारीचाही करूं नये.