छापील नियमग्रंथ आणि मासिक वर्गणी

पत्त्यांचा वा सोंगट्यांचा डाव तोंडीं सांगितलेल्या नियमांवर चालतो. परंतु मेजाभोंवतीं बसून प्रत्येकानें एकेका काल्पनिक वीराची भूमिका घ्यावयाची आणि फांशांच्या दानावर त्याचें भवितव्य ठरवावयाचें, अशा खेळास शेंकडों पानांचे नियम लागतात. या जातीचा आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां एका पेटींत तीन लहान पुस्तिका एवढाच त्याचा संसार होता.

त्या पुस्तिका ज्यानें घेतल्या, त्याच्या त्या झाल्या. तो त्या मित्रास उसन्या देई, समासांत आपल्या दुरुस्त्या लिही, मनास आलें तर विकून टाकी. १९९७ सालीं मूळ कंपनी दुसरीच्या हातीं गेली. परंतु त्यामुळें कोणाच्या फळीवरील पुस्तक हललें नाहीं.

आतां दुसरी पद्धत पाहावी. २०१७ सालीं ‘डी अँड डी बियाँड’ ही सेवा सुरू झाली. तेथें ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर वाचतां येतात, पात्राचे सारे हिशेब यंत्र करतें, आणि वरच्या दर्जाची वर्गणी भरणाऱ्यास आपण घेतलेले ग्रंथ सोबतच्या खेळाडूंसही उघडून देतां येतात. एकानें घ्यावें व पांचांनीं वापरावें, ही सोय कांहीं लहान नव्हे.

मात्र येथें हातीं येतो तो ग्रंथ नव्हे, वाचण्याचा परवाना. चौथ्या आवृत्तीच्या वेळीं ‘डी अँड डी इनसायडर’ नांवाची वर्गणीची सेवा निघाली होती. तिच्यांतील पात्ररचनेचें साधन प्रथम घरच्या संगणकावर उतरवून घेतां येई. २०१० सालीं तें केवळ कंपनीच्या संगणकावरून वापरावयाचें झालें आणि २०२० च्या आरंभीं बंद पडलें. त्या आवृत्तीचीं छापील पुस्तकें मात्र आजही उघडतात. २०२४ च्या ऑगस्टांत तर खेळाडूंच्या पात्रपत्रिकांतील जुने मंत्र काढून त्या जागीं नवे घालण्याचें ‘बियाँड’नें जाहीर केलें, मोठी ओरड झाल्यावर तो बेत सोडण्यांत आला. छापील पानावर असा हात कोणास फिरवितां येत नाहीं.

तथापि वर्गणीदार अगदींच दुबळा नसतो. २००० सालापासून चालत आलेला खुला परवाना बदलण्याचा कंपनीचा मसुदा २०२३ च्या जानेवारींत फुटला, तेव्हां अनेकांनीं आपल्या वर्गण्या बंद केल्या. त्याच महिन्याच्या २७ तारखेस कंपनीनें माघार घेतली आणि मुख्य नियमांचा सारसंग्रह ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखालीं सर्वांस मोकळा केला. पुस्तकाचे पैसे एकदां दिले कीं ग्राहकाचा धाक संपतो. वर्गणी दर वेळीं नव्यानें मिळवावी लागते.

यास्तव विवेक हाच कीं, आंकडेमोड यंत्राकडे सोंपवावी. परंतु दहा वर्षांनींही जो खेळ खेळावयाचा आहे, त्याचे नियम छापील स्वरूपांत घरीं ठेवावेत.