रात्रीं जागणारें मूल



रात्रीचे १० वाजले तरी दोन वर्षांचें मूल घरभर धावत असतें, ही आज पुष्कळ शहरी घरांतील तक्रार आहे. आईबाप कामावरून आठच्या सुमारास परततात आणि त्यांची चाहूल लागतांच मुलाचा दिवस जणूं पुन्हां सुरू होतो. यांत हट्ट थोडा, ओढ अधिक.

मग त्याला निजवावें, कीं त्याच्याशीं खेळावें? आधीं हिशेब पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितल्याप्रमाणें एक ते दोन वर्षांच्या मुलाला, दुपारची झोप धरून, दिवसाकाठीं ११ ते १४ तास झोप हवी. रात्रीं साडेदहाला निजून सकाळीं आठला उठणारें व दुपारीं दोन तास झोपणारें मूल साडेअकरा तास झोपतें. त्याची चिंता नको. परंतु पाळणाघरासाठीं त्यालाच सहाला उठवावें लागलें, तर दोन तास बुडतात. अशा घरीं निजण्याची वेळ अलीकडे आणणेंच भाग आहे.

त्याची तयारी दुपारपासूनच करावी. दुपारची झोप चारच्या पुढें लांबूं देऊं नये. घरीं येतांच अर्धा तास मनसोक्त खेळावें. नंतर जेवण, आणि मग दिवे मंद करून मोबाईल दूर ठेवावा. झोपेची वेळ झाल्याचें शरीराला कळविणारें मेलाटोनिन प्रखर उजेडांत कमी स्रवतें आणि लहान मुलांत हा परिणाम विशेष दिसतो.

मुलाला हवी असते ती आपली सोबत. ती जशी धावण्यांत मिळते, तशीच मंद उजेडांत जवळ घेऊन सांगितलेल्या गोष्टींतहि मिळते.