सरासरीत हरवलेली दहा मिनिटे

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या ग्राहकाला त्यावरील माहितीच्या ये-जेचे आलेख दाखवतात. अशा आलेखांसाठी टोबियास ओटिकर यांनी लिहिलेला एमआरटीजी हा प्रोग्रॅम १९९५ साली आला. त्यांच्या संस्थेला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन होती सेकंदाला अवघ्या ६४ किलोबिटची!

हा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी मोजणी करतो. दिवसाच्या आलेखात ही मोजमापे तशीच दिसतात. आठवड्याच्या आलेखातला प्रत्येक बिंदू मात्र ३० मिनिटांची, महिन्याच्या आलेखातला २ तासांची आणि वर्षाच्या आलेखातला पूर्ण दिवसाची सरासरी असतो. त्यामुळे नोंदींची फाइल फुगत नाही.

आता आपण एक हिशेब करू. समजा, लाइन दिवसातून दहा मिनिटे ६४ वर तुंबली आणि एरवी ४ वर राहिली. त्या अर्ध्या तासाची सरासरी येते २४, दोन तासांची ९ आणि दिवसाची जेमतेम ४.४. (विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावी.) नेमक्या त्याच दहा मिनिटांत काम अडलेल्या ग्राहकापुढे वर्षाचा आलेख ठेवून ‘लाइन मोकळीच आहे’ म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते, मग गणित कितीही बरोबर असो.

ओटिकर यांच्याच १९९९ च्या आरआरडीटूलमध्ये सरासरीबरोबर कमाल मूल्यही जपता येते. तसे केल्यास वर्षाच्या आलेखात सरासरीची रेषा तळाशी राहते, पण कमाल मूल्याची रेषा ६४ वर दिसते.