केटो आहार आणि छातीतील धडधड

भाकरी सोडली, भात सोडला, साखर तर केव्हाच सोडली. तीन आठवड्यांत वजनाचा काटा चार किलोंनी खाली आला, साखरेचा रिपोर्टही सुधारला. आणि मग एके दिवशी जिना चढताना, किंवा नुसते पलंगावरून उठून उभे राहताना छाती धडधडू लागते. मनगटावरच्या घड्याळात ठोक्यांचा आकडा ११५ किंवा १२० दिसतो आणि घरातली सगळी माणसे घाबरून जातात. केटो आहार सुरू करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. धडधाकट माणसात ती बहुधा दोन-चार आठवड्यांत आपोआप कमी होते. परंतु ज्यांना आधीपासून मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी ‘सवय होईल’ असे म्हणून गप्प बसू नये. बऱ्याच वेळा धडधडीचे खरे कारण ताटात नसून गोळ्यांच्या डब्यात असते.

केटो आहार म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून शरीराला चरबीवर चालवणे. दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट पोटात जाऊ द्यायचे नाही. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या एका ज्वारीच्या भाकरीतच ३५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते, यावरून हे पथ्य किती कडक आहे याची कल्पना यावी. मग उरते ते पनीर, अंडी, तूप, खोबरे, थोडे शेंगदाणे, पालेभाज्या आणि मांस-मासे. पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून ‘कीटोन’ नावाचे पदार्थ तयार करते आणि मेंदूसह सगळे शरीर त्यावर काम भागवते.

हा आहार वजन उतरवण्यासाठी जन्माला आलेला नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला. पुढे १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध वापरात आल्यावर तो मागे पडला, तरी औषधांना दाद न देणाऱ्या फेफऱ्याच्या मुलांना तो आजही देतात. मात्र तिथे घास काट्यावर मोजले जातात आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी होतात. आपण तोच आहार मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून सुरू करतो आणि चालू असलेल्या गोळ्यांना हातही लावत नाही. अडचण येते ती इथे.

धडधड का होते?

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम साखर ‘ग्लायकोजेन’च्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी असते. पिष्ट बंद होताच हा साठा संपत जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते त्यात चरबीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. दुसरी गोष्ट इन्शुलिनची. रक्तात इन्शुलिन भरपूर असते तेव्हा मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. इन्शुलिन उतरले की ती मीठ सोडू लागतात आणि मिठामागोमाग पाणी जाते. लघवीला वारंवार जावे लागते ते यामुळेच.

शिरांमधले पाणी असे कमी झाल्यावर माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. मेंदूला पुरेसे रक्त पोचवण्यासाठी हृदयाला जास्त वेळा आकुंचन पावावे लागते. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी, पायांत गोळे, डोके जड आणि छातीत धडधड, असे हे चित्र असते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटल्यास ठोके चुकल्यासारखे वाटतात. त्यात सकाळपासून चार कप बिनसाखरेची काळी कॉफी झालेली असेल तर विचारायलाच नको. भूक मारण्यासाठी कॉफी पिणाऱ्यांनी आधी ती कमी करून पाहावी. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात घामाने अंग निथळत असताना हा आहार सुरू करण्याची घाई कशासाठी, हेही विचारावेसे वाटते. पावसाळा लागेपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

गोळ्यांचा डबा उघडा

समजा, पंचावन्न वर्षांच्या एक गृहिणी आहेत. मधुमेह दहा वर्षांचा, रक्तदाब सहा वर्षांचा. सकाळी रक्तदाबाची एक गोळी, जेवणाआधी मधुमेहाची एक. मुलाने सांगितले म्हणून त्यांनी केटो सुरू केले. आता रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे मीठ-पाणी काढणारे औषध, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाईड किंवा क्लोरथॅलिडोन, मिसळलेले असेल तर एकच काम दोन बाजूंनी होऊ लागते. आहारही पाणी काढतो, गोळीही काढते. (हायड्रोक्लोरोथायझाईड असलेल्या गोळीच्या नावापुढे बहुधा ‘एच’ हे अक्षर असते. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत, ती वाचण्यासाठीच असतात.) अशा बाईंना उभे राहताच धडधड झाली तर नवल नाही. त्यावर मीठ वाढवणे हा उपाय नव्हे. मीठ खायचे आणि ते बाहेर काढणारी गोळीही घ्यायची, हा उलटा व्यवहार झाला. गोळी कमी करायची की बंद, हे रक्तदाब मोजून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

त्यांची मधुमेहाची गोळी ग्लिमेपिराईड किंवा ग्लिक्लाझाईडची असेल, किंवा त्या इन्शुलिन घेत असतील, तर धडधडीचा अर्थ वेगळा असू शकतो. भाकरीभाताच्या हिशेबाने ठरवलेला डोस चालूच आहे आणि भाकरी-भात मात्र नाही, म्हणजे साखर धोक्याच्या पातळीखाली जाणार. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड आणि गोंधळलेली बोली ही तिची लक्षणे. अशा वेळी घरच्या यंत्रावर साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. यंत्र नसेल तर न मोजताच साखर घ्यावी. तेव्हा ‘केटो मोडेल’ हा विचार करू नये. जे मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारख्या नाडी मंद करणाऱ्या गोळ्या घेतात त्यांना साखर उतरूनही धडधड जाणवत नाही. त्यांनी घामाकडे लक्ष ठेवावे. या गोळ्या मनाने एकदम थांबवणेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे नाडी आणि रक्तदाब उसळून वर येतात.

सर्वांत जपायचे ते तिसऱ्या गटाला. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते ती औषधे. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. औषधे चांगली आहेत, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही ती देतात आणि आता ती स्वस्तही झाली आहेत. पण केटो आहाराबरोबर ती घेतल्यास रक्तातील कीटोन प्रमाणाबाहेर वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या धोक्याचा इशारा २०१५ साली दिला. फसवी गोष्ट अशी की या अवस्थेत साखर फारशी वाढलेली नसते. रुग्ण १८० चा आकडा पाहून निर्धास्त राहतो आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, वेगवान नाडी हे सारे ‘पित्त झाले’ म्हणून अंगावर काढतो. त्यात एकादशीचा निर्जळी उपवास किंवा जुलाबाची भर पडली की प्रकरण हाताबाहेर जाते. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता केटो सुरू करू नये. वरची लक्षणे दिसली तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे आणि ‘कीटोन तपासा’ असे स्वतःहून सांगावे.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की वजन बरेच उतरल्यावर जुना डोस जास्त ठरू शकतो आणि जास्त डोस म्हणजे धडधड. टीएसएचची तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनी त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावे. रक्त कमी असले तरी हृदय पळते आणि दोष आहाराला लागतो.

नाडी कशी मोजावी?

घड्याळावर सारी भिस्त ठेवू नये. पाच मिनिटे शांत पडून राहावे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे टेकवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. मग उभे राहावे आणि लगेच व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावेत. शेजारी कोणीतरी असावे, म्हणजे भोवळ आली तर सावरता येईल. उभे राहिल्यावर दहा-वीस ठोके वाढणे स्वाभाविक आहे. तीस किंवा त्याहून अधिक वाढत असतील, किंवा वरचा रक्तदाब २० ने उतरत असेल, तर पाणी कमी पडले असण्याची शक्यता मोठी. जुन्या मधुमेहात नसा दुर्बल झाल्याने नाडी वाढतच नाही, रक्तदाब मात्र कोसळतो. त्यामुळे अशांची नाडी आणि रक्तदाब दोन्ही पाहावे लागतात. ही आकड्यांची वही डॉक्टरांकडे नेल्यास त्यांचे निम्मे काम होते.

ठोके अनियमित लागत असतील तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे, किंवा स्वस्थ पडूनही नाडी १२० च्या वर राहणे, यांपैकी काहीही असल्यास सकाळची वाट पाहू नये.

ज्यांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार नाही त्यांनी पहिले दोन आठवडे दिवसभरात मिळून अर्धा चमचा मीठ जादा घ्यायला हरकत नाही. पातळ ताकात मीठ-जिरे, लिंबू-मीठ-पाणी किंवा बिनगुळाचे आमसुलाचे सार, यांत ते सहज जाते. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिऊन उपयोग नाही, त्याने उरलेले मीठही वाहून जाते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये, कारण वाढलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते. जुलाब लागले तर मात्र ‘त्यात साखर आहे’ म्हणून जीवनरक्षक क्षारांचे पाणी नाकारू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरमध्ये ग्लुकोज अवघे साडेतेरा ग्रॅम असते.

टाइप १ मधुमेह असलेल्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि मूत्रपिंडे अधू झालेल्यांनी या आहाराच्या वाटेला स्वतःहून जाऊ नये.

आहार सोडतानाही तीच काळजी घ्यावी. दिवाळीत चकली-करंजीवर आडवा हात मारला की चार दिवसांत दोन किलो वजन परत येते. ती चरबी नव्हे, परतलेले मीठ-पाणी असते. पण केटोच्या काळात कमी केलेली रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी तशीच कमी राहिली तर दोन्ही आकडे चढू लागतात. म्हणून भाकरी पुन्हा ताटात आली की आठवड्याभरात रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर मोजून घ्यावी आणि गोळ्यांचा डबा घेऊन डॉक्टरांकडे जावे.