ढिगाऱ्याखालचे एकोणीस तास

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाड शहरात एक पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे दगावली. पण दुसऱ्या दिवशी, सुमारे १९ तासांनंतर, ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला. त्याच रात्री, २६ तासांनी, एक वृद्ध बाईही निघाल्या. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली, तेव्हा ऐंशीहून अधिक माणसे गेली. ओल्या मातीखाली श्वासापुरती पोकळी क्वचितच उरते. काँक्रीटच्या तुळयांखाली ती कधी कधी उरते.

पोकळी मिळाली, हवा मिळाली. पण अन्नाचे काय?

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चार-पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. एकटा मेंदू मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर खर्च करतो. तुम्हीच भागाकार करून पाहा. तासाभरात खडखडाट व्हायला हवा! तो होत नाही, कारण भाताने भरलेल्या कणगीसारखा यकृतात ग्लायकोजेनचा साठा असतो, सुमारे १०० ग्रॅम.

कणगी उघडायची केव्हा? रक्तातली साखर उतरू लागली की स्वादुपिंडातल्या आल्फा पेशी ग्लुकॅगॉन हे संप्रेरक सोडतात. इन्सुलिनचे नाव सर्वांना ठाऊक. त्याचा हा भाऊ बिचारा उपेक्षितच. गंमत अशी, की ग्लुकॅगॉन यकृताच्या पेशीत शिरतच नाही. ते बाहेरच्या आवरणावरील ग्राही रेणूला चिकटते आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो. तो एका विकराला जागे करतो, ते विकर दुसऱ्या अनेकांना, आणि शेवटी ग्लायकोजेनचे तुकडे पडून साखर रक्तात येते. हा निरोप्या सदरलंड यांनी यकृतावर काम करतानाच शोधला. १९७१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. भीतीने स्रवणारे ॲड्रेनलीनही यकृताला हेच करायला लावते.

स्नायूंत तर ग्लायकोजेन यकृताहून जास्त असते. ते का वापरू नये? साखर मोकळी करून रक्तात सोडणारे शेवटचे विकर स्नायूंजवळ नसते. त्यांचा साठा त्यांच्यापुरताच.

यकृताची कणगी साधारण दिवसभरात रिती होत येते. पण त्याआधीच ग्लुकॅगॉनच्या हुकमावरून यकृत दुसऱ्या कामाला लागलेले असते: स्नायूंतून आलेली अमिनो आम्ले आणि चरबीतले ग्लिसरॉल यांपासून नवी साखर घडवणे. शिवाय चरबीपासून कीटोन बनतात. मेंदू तेही जाळू शकतो.

चार वर्षांच्या मुलाचे गणित अधिक कठीण. त्याचे यकृत लहान, मेंदू मात्र जवळजवळ मोठ्या माणसाएवढा. त्याची कणगी मोठ्यांच्या आधी तळ गाठते, म्हणून त्याचे शरीर कीटोनकडेही लवकर वळते. ढिगाऱ्यातून काढलेल्या मुलाच्या जखमा बांधताना डॉक्टर त्याच्या बोटाला सुई टोचून साखर मोजतात, ती याचसाठी.