तोंडाला दुपट्टा की पंख्याचा मास्क? : पीएपीआर समजून घेऊ या

दिवाळी झाली की अकोला-अमरावतीकडच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. आत पाऊल टाकलं की हवाच पांढुरकी दिसते. रुईचे बारीक तंतू, पऱ्हाटीच्या वाळल्या पानांचा चुरा आणि माती, सगळं हवेत तरंगत असतं. काम करणारे भाऊ आणि बाया तोंडाला दुपट्टा बांधून असतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचं कोणी ना कोणी सीझनला जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये जातं. आयटीआय झाल्यावर तुम्हीही जाल. म्हणून हा पाठ.

दुपट्टा मोठे तंतू अडवतो. पण जी धूळ डोळ्यांना दिसत नाही, तीच फुप्फुसात खोल जाते आणि ती कापडाच्या विणीतून आरामात आत शिरते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणं, ही त्याची सुरुवातीची खूण. रविवारी सुट्टी असायची म्हणून इंग्रजीत त्याला 'सोमवारचा ताप' असंही नाव पडलं. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत बिसिनोसिस होता. म्हणजे "कामावर खोकला तर होतोच" असं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

आता यंत्राकडे वळू. पीएपीआर म्हणजे पॉवर्ड एअर प्युरिफायिंग रेस्पिरेटर. कमरेच्या पट्ट्यावर बॅटरीवर चालणारा छोटा पंखा असतो. तो बाहेरची हवा फिल्टरमधून ओढतो आणि नळीवाटे डोक्यावरच्या टोपात किंवा चेहऱ्यावरच्या मास्कमध्ये ढकलतो. साध्या मास्कमध्ये फिल्टरमधून हवा ओढायचं काम तुमच्या छातीला करावं लागतं, इथे ते पंखा करतो. त्यामुळे दम लागत नाही आणि चेहऱ्याला वारा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फायदा लहान नाही, कारण लोक मास्क काढतात ते बहुतेक वेळा गरमीनेच. हे यंत्र महाग आहे आणि आपल्याकडे क्वचितच दिसतं, हेही खरं.

याचे दोन प्रकार आहेत. सैल टोप असेल तर दाढी चालते. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क असेल तर दाढी काढलेलीच हवी, कारण केसांतून फट राहते. सैल टोपाला साधारण २५ पट संरक्षण धरतात. बाहेर हवेत धुळीचे १०० भाग असतील तर आत ४. पण कधी? पंखा पुरेसा वारा देत असेल तरच. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे सैल टोपाला मिनिटाला किमान १७० लिटर हवा लागते. ती मिळते की नाही हे पाहायला यंत्रासोबत एक छोटं मापक येतं. रोज कामाआधी ते लावून बघायचं. बॅटरी पूर्ण भरली आहे का, नळीला चीर आहे का, फिल्टर नीट बसला आहे का, हे तेव्हाच बघून घ्यायचं. आधी पंखा सुरू करायचा, मग टोप घालायचा आणि त्यानंतर धुळीत शिरायचं. बॅटरी चार्ज करायची ती बाहेर, स्वच्छ जागी. जिथे रुई उडते तिथे एक ठिणगी काय करते, हे तुम्हाला सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे यंत्र हवा गाळतं, हवा तयार करत नाही. मुलं नेमकी इथेच चुकतात. विहिरीत गाळ काढायला उतरताना किंवा सेप्टिक टाकीत जाताना पीएपीआर घालून काहीच उपयोग नाही. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की धोका सुरू होतो. तिथे गाळून गाळून काय गाळणार? विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्याचा कार्बन मोनॉक्साइडही या फिल्टरला अडत नाही. अशा जागी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारं वेगळं यंत्रच लागतं.

दुसरी गोष्ट, फिल्टर कशासाठी आहे ते वाचा. धुळीचा फिल्टर फक्त कण अडवतो, वायू नाही. धान्याच्या गोदामात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यातून फॉस्फिन वायू निघतो. जिनिंगमधला धुळीचा फिल्टर लावून अशा गोदामात गेलात तर तोंड उघडं ठेवून गेल्यासारखंच.

फवारणीचंही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. मोनोक्रोटोफॉससारख्या काही कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अमरावती, अकोला आणि शेजारच्या जिल्ह्यांत तात्पुरती बंदी आली. पीएपीआर असतं तर ही माणसं वाचली असती का? माझं उत्तर: एकट्या त्याने नाही. ही विषं कातडीतूनही शरीरात जातात. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर ओला सदरा, पाय उघडे, अशा वेळी नुसतं नाक झाकून भागत नाही. अंगभर कपडे, हातमोजे, बूट आणि वाफ व कण दोन्ही अडवणारा फिल्टर, हे सगळं सोबत लागतं. वाऱ्याविरुद्ध फवारायचं नाही, हे तर बिनखर्चाचं.

काम चालू असताना वारा कमी वाटला, अलार्म वाजला किंवा आत वास आला, तर टोप तिथेच काढू नका. चालत बाहेर या, मग काढा. वास येईपर्यंत थांबायचं असंही नाही. काही वायूंना वास नसतो, आणि नाक लवकर सरावतं. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या वेळेला बदलायचा. झटकून, धुऊन किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून तो परत वापरायचा नाही. तसं केलं की त्याचे धागे फाटतात, वरून मात्र तो चांगलाच दिसतो.

आणि खर्रा! तोंडात टाकायला दर अर्ध्या तासाने टोप वर केला तर पंख्याची सगळी मेहनत पाण्यात. वर धुळीने किंवा औषधाने भरलेले हात तोंडात जातात ते वेगळंच. काम संपलं की धुळीपासून दूर यायचं, टोप बाहेरून ओल्या फडक्याने पुसायचा, मग काढायचा आणि शेवटी पंखा बंद करायचा. हात-तोंड साबणाने धुवायचं. टोप खिळ्याला टांगून ठेवू नका. पिशवीत बंद करा आणि ज्याचा त्याने आपलाच वापरा.