नावातलं एक अक्षर

आपल्या गंगाखेडचं नाव इंग्रजीत लिहिताना आपण शेवटी डी लिहितो. रेल्वेच्या इंग्रजी नावात मात्र तिथं आर आहे. तरी गाडी थांबतेच! पण आपल्या स्वतःच्या नावात असं एक अक्षर बदललं, तर काम अडतं.

आमच्यातल्या एकीला एका अक्षरापायी बँकेच्या तीन चकरा पडल्या. तिला वाटलं, आपण शिकलो नाही म्हणून असं झालं. तसं नाही. मराठीत आपण बोलतो तसं लिहितो. इंग्रजीची अक्षरं फक्त 26, त्यात आपले सगळे उच्चार बसत नाहीत. म्हणून लिहिणारा आपल्या अंदाजानं लिहितो. लक्ष्मीत कुणी एक्स घालतं, कुणी के-एस-एच. गीतामध्ये कुणी दोन ई, तर कुणी एक आय. दोन्ही बरोबरच, पण कागदोकागदी वेगळं झालं, की अडचण. आपल्या गावच्या संत जनाबाईंचंच नाव घ्या. आधारवर ‘जनाबाई’ जोडून आणि पासबुकात ‘जना बाई’ तोडून लिहिलं, तर कॉम्प्युटरला त्या दोन बायका वाटू शकतात.

लाडकी बहीण योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव लागतं. म्हणजे आपलं स्पेलिंग आता लेकरांच्याही कागदावर जाणार.

मग काय करायचं? आधार, पासबुक, पॅनकार्ड, शाळेचा दाखला समोर ठेवा. एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बसवा. कोणतं स्पेलिंग ठेवायचं ते ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद पिशवीत ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सगळीकडं एकसारखंच बदला.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई नको. केंद्रावर नाव तोंडी सांगू नका, कागद पुढं करा. पडद्यावरचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही वाचून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मागं रांग असली तरी दोन मिनिटं मागून घ्या. नाव आपलं आहे, विचारायला लाजायचं कशाला?